ज्यांच्यावर हक्क सांगायला कोणी आलं नाही

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात कबरीतून प्रेतं पळवणारे लोक एक पथ्य कटाक्षाने पाळत. डोक्याकडच्या बाजूने खणायचं, पेटीचं झाकण तेवढ्यापुरतं मोडायचं, दोर अडकवून प्रेत वर ओढायचं, आणि निघण्याआधी त्याच्या अंगावरचं कफन उतरवून परत पेटीत टाकायचं. मग माती होती तशी सारखी करायची. यात मेलेल्याविषयी आदरबिदर काही नव्हता. कफन कोणाच्या तरी मालकीचं असतं. ते नेलं तर चोरीचा गुन्हा, आणि त्या काळी चोरीच्या शिक्षा फार कडक. मेलेला माणूस मात्र कायद्याच्या लेखी कोणाचीच मालमत्ता नव्हता. त्यामुळे त्याला पळवणं ही चोरी होतच नव्हती. सापडलात तर दंड, नाहीतर काही महिन्यांची कैद.

शाळेच्या पुस्तकात वैद्यकाचा इतिहास येतो तो शोध लावणाऱ्यांचा. जेन्नर, मॉर्टन, लिस्टर, पाश्चर, कॉख. तो खोटा नाही. पण शोध लावायला आणि शिकायला माणसाचं शरीर लागतं. ते कुठून आलं, कोणी दिलं, ज्याचं होतं त्याला विचारलं होतं का, ही पानं त्यात नसतात. मला गेली काही वर्षं हीच पानं जास्त ओढतात. ती वाचत गेलं की एक गोष्ट खटकायला लागते. दवाखान्याला घाबरणारा गरीब माणूस अडाणी होता म्हणून घाबरत होता, असं आपण किती सहज म्हणून टाकतो! मला वाटतं, त्याला हिशेब बरोबर कळला होता.

गरज खरी होती, हे आधीच कबूल करून टाकतो. १८४६ पर्यंत शस्त्रक्रियेला भूल नव्हती. पाय कापायचा तर रोग्याला चौघांनी दाबून धरायचं आणि सर्जनने बघता बघता काम उरकायचं. आत कुठली शीर कुठून जाते हे चाचपडत बसायला वेळच नाही. म्हणजे ते आधीच, मेलेल्या माणसावर, हाताला वळण लागेपर्यंत शिकलेलं हवं. लंडन-एडिंबरोत शरीरशास्त्राच्या खाजगी शाळा निघाल्या होत्या, विद्यार्थी शेकड्यांनी येत होते, आणि कायद्याने मिळणारी प्रेतं फक्त फाशी गेलेल्या खुन्यांची. तीही एका विशिष्ट हेतूने दिलेली. १७५२च्या कायद्याने खुन्याला फाशीच्या जोडीला विच्छेदनाची शिक्षा ठेवली होती, नुसत्या फाशीने बसत नाही इतकी दहशत बसावी म्हणून. म्हणजे सरकारनेच लोकांना दोन पिढ्या शिकवलं, की अंगाची चिरफाड ही मरणाहून मोठी विटंबना आहे. नंतर त्याच सरकारला लोक चिरफाडीला का भितात याचं कोडं पडलं.

हा धंदा थंडीचा. उन्हाळ्यात प्रेत टिकत नाही, म्हणून विच्छेदनाचे वर्ग हिवाळ्यात चालत आणि कबरीही हिवाळ्यातच उकरल्या जात. पैसेवाल्यांनी शिशाच्या पेट्या केल्या, विटांच्या घुमट्या बांधल्या, राखणदार ठेवले. स्कॉटलंडात कबरीवर लोखंडी पिंजरे बसवायची चाल पडली. एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत तसे पिंजरे आजही बघायला मिळतात. गरिबांसाठी एकच मोठा खड्डा असे, त्यात पेटीवर पेटी रचायची आणि भरेपर्यंत तो धड बुजवायचाही नाही. चोरांना याहून सोयीचं काय असणार? मग घरचे लोक रात्री पाळीपाळीने जागत, प्रेत कुजून निरुपयोगी होईपर्यंत. ज्यांना तेही शक्य नव्हतं ते मातीवर शिंपले, खडे, काटक्या ठरावीक पद्धतीने मांडून जात. सकाळी येऊन बघायचं, मांडणी हलली आहे का. हलली असेल तर काय करणार, हा प्रश्न वेगळा.

१८२८ साली पार्लमेंटच्या समितीपुढे सर अ‍ॅस्टली कूपर यांची साक्ष झाली. लंडनचे सर्वांत नावाजलेले सर्जन. त्यांनी सरळ सांगून टाकलं, की माणूस कितीही मोठा असो, मनात आणलं तर त्याचं प्रेत मी मिळवू शकतो. कायद्याने फक्त भाव वाढतो. मला या साक्षीतली बेफिकिरी भयंकर वाटते, आणि प्रामाणिकपणाही. बाजार आहे हे मान्य करणारा तो निदान एक तरी माणूस होता.

त्याच वर्षी एडिंबरोत त्या बाजाराचं टोक गाठलं गेलं. वेस्ट पोर्ट भागातल्या टॅनर्स क्लोज या बोळात हेअर नावाचा माणूस भाड्याने खाटा देणारं घर चालवायचा. १८२७च्या नोव्हेंबरात त्याच्याकडे राहणारा एक म्हातारा पेन्शनर सैनिक आजाराने मेला. त्याच्याकडे भाड्याचे चार पौंड थकले होते. हेअर आणि त्याचा सोबती बर्क यांनी पेटीत झाडाचं साल भरलं आणि म्हातारा सर्जन्स स्क्वेअरमध्ये डॉ. रॉबर्ट नॉक्सच्या शाळेत नेऊन विकला. साडेसात पौंड आले. थकबाकी वसूल होऊन वर नफा. कोणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षभरात त्या दोघांनी सोळा माणसं मारली आणि सगळी नॉक्सला विकली. पद्धत ठरलेली: दारू पाजायची, मग एकाने छातीवर बसायचं, दुसऱ्याने नाकतोंड दाबायचं. अंगावर ओरखडाही उमटत नसे, म्हणजे माल पहिल्या प्रतीचा.

मारलेली माणसं कोण होती हे बघितलं की सगळं समजतं. वाटसरू म्हातारी, रस्त्यावर दिवस काढणारी तरुण मुलगी, एक आजी आणि तिचा नातू, नातेवाइकांच्या शोधात आलेली आयरिश बाई. आणि जेमी. हा अठरा-एकोणीस वर्षांचा, थोडा मंद, पायाने अधू, अनवाणी हिंडणारा मुलगा अख्ख्या गावाला माहीत होता. दोघांची चूक झाली ती इथे. नॉक्सच्या वर्गातल्या काही पोरांनी त्याला ओळखलं म्हणतात. नॉक्सने हा जेमी नव्हेच म्हणून सांगितलं आणि त्याचं विच्छेदन लवकर उरकून घेतलं, असं तेव्हा गावभर बोललं गेलं. वर्गात त्या वर्षी पाचशेच्या आसपास विद्यार्थी होते. देशातल्या सर्वांत मोठ्या वर्गांपैकी तो एक.

हेअर माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. बर्कला २८ जानेवारी १८२९ला हजारोंच्या गर्दीपुढे फाशी दिलं, आणि १७५२च्या कायद्याप्रमाणे त्याचंही विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा एडिंबरो विद्यापीठाच्या शरीरशास्त्र संग्रहालयात अजून आहे. नॉक्सवर खटला झाला नाही. पोरांनी रस्त्यावर गाणं रचलं, त्यात बर्क खाटीक, हेअर चोर आणि नॉक्स मांसाचा गिऱ्हाईक. लोकांनी त्याचा पुतळा करून फासावर चढवला. चौकशी समितीने मात्र त्याला काही माहीत नव्हतं असा निर्वाळा दिला. सोळा ताजी प्रेतं, कबरीची माती न लागलेली, आणि विकत घेणाऱ्या तज्ज्ञाला शंका आली नाही. असो.

लंडनमध्येही १८३१ला असाच प्रकार उघडकीला आला. मग कायदा करणं भागच पडलं आणि १८३२चा अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट आला. या कायद्याने खुन्यांचं विच्छेदन बंद केलं. त्यांच्या जागी कोण? ज्याच्या ताब्यात प्रेत कायदेशीरपणे आहे त्याला, नातेवाइकांनी हरकत घेतली नाही तर, ते शाळेला देता येईल. आता गरीबखान्यात किंवा धर्मार्थ रुग्णालयात मेलेल्या माणसाचं प्रेत कोणाच्या ताब्यात असतं? गरीबखान्याच्या व्यवस्थापकाच्या. ‘मला कापू नका’ असं मरणाऱ्याने दोन साक्षीदारांदेखत सांगितलं तर ते मानायची तरतूद होती. वाचता न येणाऱ्या, तापाने फणफणलेल्या माणसाला ती कोण सांगणार होतं? ऐंशी वर्षं जी खुन्याची शिक्षा होती ती एका सहीने निराधाराची झाली. पत्रकार विल्यम कॉबेट पार्लमेंटबाहेर आणि खासदार हेन्री हंट आत हेच ओरडून सांगत होते. हंट यांनी म्हटलं ते कोणी मनावर घेतलं नाही. नवा कायदा निर्धोक होता, कबरी शाबूत राहिल्या आणि खून थांबले, हेही खरं.

तत्त्वचिंतक जेरेमी बेंथम हा एकटाच मोठा माणूस स्वतःहून पुढे आला. कायदा मंजूर व्हायच्या दोन महिने आधी तो वारला आणि मृत्युपत्राप्रमाणे त्याच्या मित्राने त्याचं जाहीर विच्छेदन केलं. कपडे चढवलेला त्याचा सांगाडा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहे. त्याचा कित्ता त्याच्या वर्गातल्या लोकांनी काही गिरवला नाही.

हा कायदा येत होता तेव्हाच इंग्लंडात पटकीची पहिली साथ पसरली होती. १८३२च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलमध्ये लोकांनी पटकीच्या रुग्णालयांवर आणि रोगी नेणाऱ्या डोल्यांवर दगडफेक केली. घोषणा काय, तर ‘बर्कवाल्यांना बाहेर काढा’. डॉक्टर गरिबांना पटकीच्या नावाखाली नेतात, मारतात आणि कापतात, अशी त्यांची खात्री. सप्टेंबरात मँचेस्टरला एका लहान मुलाची पेटी आजोबाने संशय येऊन उघडली. मुलाचं डोकं नव्हतं, त्या जागी वीट ठेवली होती. जमाव ते छोटं प्रेत घेऊन रुग्णालयावर चालून गेला. पुढे बऱ्याच ठिकाणी या दंगलींचं वर्णन अफवांनी पिसाळलेल्या लोकांच्या दंगली असं केलेलं सापडतं. वीट अफवा नव्हती.

इथे घरचं एक आठवतं. माझा मामेभाऊ एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला गेला तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत अभ्यासाला बोन्स-सेट घेऊन आजोळी आला. सीनियरकडून अर्ध्या किमतीत घेतलेला, पत्र्याच्या ट्रंकेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. आजीने ट्रंक माजघरात येऊच दिली नाही. ‘गोठ्यात ठेव आणि अंघोळ करून ये,’ म्हणाली. रात्री जेवताना मात्र तिने हळूच विचारलं, ‘कोणाची रे ती हाडं?’ भाऊ नव्या ज्ञानाच्या तोऱ्यात म्हणाला, ‘बाई होती. कमरेच्या हाडावरून कळतं.’ आजी म्हणाली, ‘ते मी नाही विचारलं.’ तिच्या प्रश्नाचं उत्तर भावाकडे नव्हतं, सीनियरकडेही नसणार. जगभरच्या वैद्यकीय शाळांत टांगलेले सांगाडे कित्येक दशकं मोठ्या प्रमाणात भारतातून जात असत. १९८५ साली सरकारने निर्यात बंद केली. परदेशातल्या कुठल्याशा वर्गात अजूनही आपली काही माणसं उभी असतील, तारेने सांधलेली, पाठीमागे नंबर घातलेली.

त्याच ट्रंकेबरोबर ग्रेज अ‍ॅनाटॉमीची जाडजूड प्रत होती. हे पुस्तक १८५८ला लंडनमध्ये निघालं. मजकूर हेन्री ग्रेचा, चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टरची, पहिल्या आवृत्तीत ३६३. दोघांनी मिळून दीडेक वर्ष विच्छेदनं केली, आणि ती प्रेतं १८३२च्या कायद्याने आलेलीच, लंडनच्या गरिबांची. कार्टरची खुबी अशी, की त्याने शिरांची आणि स्नायूंची नावं बाजूला रेघा ओढून न देता त्या त्या भागावरच लिहिली. मानेचं चित्र उघडा. कातडी सोललेली, रोहिणी आणि मज्जातंतू लखलखीत मांडलेले, प्रत्येकावर नाव. प्रत्येक दोऱ्याला नाव आहे, माणसाला नाही. कार्टरची चित्रं मला सुंदर वाटतात. ते सांगायला जरा अवघड वाटतं, पण वाटतात.

आपल्याकडे क्वचितच कोणाला ठाऊक असतं, की पुस्तक छापून निघायच्या आधीच कार्टर मुंबईला आला. ग्रेने मुखपृष्ठावरचं त्याचं नाव बारीक करायला लावलं होतं आणि मानधन म्हणून त्याला एकरकमी दीडशे पौंड मिळाले, रॉयल्टी नाही. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरून तो ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागला, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायाला होणाऱ्या ‘मदुरा फूट’वर आणि कुष्ठरोगावर त्याने वर्षानुवर्षं काम केलं. १८७७च्या दुष्काळात दख्खनमधून उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत आले, त्यांच्यात उलटून येणारा ताप पसरला, आणि त्यांच्या रक्तात कार्टरने मळसूत्री जंतू पाहिले. तो ताप त्याला स्वतःलाही झाला. म्हणजे हा माणूस पळपुटा नव्हता. पण शोध लागला तो पुन्हा कोणाच्या रक्तातून? दुष्काळी कामावरून हाकललेल्या, धर्मशाळेत येऊन पडलेल्या माणसांच्या.

आनंदीबाई जोशी हे नाव आपल्या ओठांवर असतं. फिलाडेल्फियाचं तेव्हाचं वातावरण कमी आठवतो. त्या १८८३ला तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. त्याच्या आधीच्या डिसेंबरात त्याच शहरात एक गाडी पकडली गेली होती. तिच्यात लेबनन सेमेटरीतून, म्हणजे काळ्या लोकांच्या दफनभूमीतून, उकरलेली प्रेतं होती आणि ती जेफरसन मेडिकल कॉलेजकडे चालली होती. तिथले शरीरशास्त्राचे प्राध्यापक फोर्ब्ज यांच्यावर खटला झाला, ते निर्दोष सुटले. १८८३ला पेनसिल्व्हेनियाने अख्ख्या राज्यासाठी नवा कायदा केला: सार्वजनिक खर्चाने पुरावं लागेल असं प्रत्येक बेवारस प्रेत वैद्यकीय शाळांना. इंग्लंडचंच गणित, फक्त गरिबाच्या जागी आधी काळा, मग काळा आणि गरीब दोन्ही. आनंदीबाई शिकल्या ते या कायद्याच्या पहिल्या वर्षांत. त्यांच्यासमोरच्या टेबलावर कोण होतं, हे विचारणं त्यांच्या मोठेपणाला उणं आणत नाही. त्यांनाही वाटलं असेल का हे, असं मात्र मनात येतं.

आणि मग १८९६. सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. महिनाभरात मुंबईत घरं तपासणं, रोगी उचलून आर्थर रोडला नेणं सुरू झालं. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगारांनी त्या रुग्णालयावर हल्ला केला. शहरात बोलणं पसरलं होतं मोमियाईचं: सरकार माणसांना उलटं टांगतं, खाली जाळ करतं आणि डोक्यातून गळणारं तेल गोऱ्यांच्या औषधासाठी भरून घेतं. हे वाचून हसू येतं. मलाही आलं होतं. पण लिव्हरपूल शेजारी ठेवून बघा. तिथल्या खलाशाने आणि इथल्या लालबागच्या कामगाराने एकमेकांचं नाव ऐकलेलं नव्हतं, भाषा वेगळी, धर्म वेगळा, मध्ये चौसष्ट वर्षं, आणि संशय तोच: तुम्हाला माझं अंग हवंय. मोमियाईची गोष्ट खोटी होती. पण घरच्यांना आत येऊ देत नाहीत, मेल्यावर प्रेत तपासतात, ताबा सरकारचा, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

याच्यावर तोड निघाली तीही व्याख्यानांनी नाही. निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग-रुग्णालयं काढायची मुभा मिळाली. आपल्या ओळखीचा वैद्य किंवा डॉक्टर, आपल्या हातचं पाणी, उशाशी आपलं माणूस. तिथे लोक स्वतःहून येऊ लागले. पुण्याजवळ सावित्रीबाई आणि यशवंतराव फुल्यांनी माळावर दवाखाना थाटला होता तोही याच धर्तीचा, आणि तिथेच सावित्रीबाई प्लेगने गेल्या. औषध प्लेगवर तेव्हा कोणाकडेच धड नव्हतं, सरकारी रुग्णालयातही नाही.

हे सगळं परत डोक्यात यायचं कारण म्हणजे माझे काका. निवृत्त मास्तर, देव न मानणारे, त्र्याऐंशी वर्षांचे. त्यांनी देहदानाचा अर्ज आणलाय. आपल्याकडे १९४९च्या अ‍ॅनाटॉमी कायद्याने बेवारस प्रेतं कॉलेजांना जातात, ती पद्धत थेट १८३२च्या वळणाची. पण स्वेच्छेने देणारेही आता बरेच आहेत, बेंथमने जे एकट्याने केलं ते मध्यमवर्गीय घरांत दर चार-दोन महिन्यांनी ऐकू येतं. काका म्हणतात, ‘माझं अपेंडिक्स काढणारा पोरगा कुणावर तरी शिकलाच असेल ना? फेड करायला नको?’

अर्जावर जवळच्या नातेवाइकांच्या सह्या लागतात. काकू सही करेना.

‘अहो, अस्थी नाहीत तर नाशिकला काय घेऊन जायचं?’ ती म्हणाली. काकांनी सुधारणेवर दहा मिनिटं भाषण दिलं. ती भांडी आवरत ऐकत होती. मग चष्मा लावून तिनेच अर्ज पहिल्यापासून वाचला, दोनदा, आणि म्हणाली, ‘यात मेल्यावर किती तासांत कळवायचं ते आहे. गाडी कोण पाठवणार ते आहे. यांचं काम झाल्यावर उरलेल्याचं काय करतात, ते कुठे लिहिलंय?’

काकांनी कॉलेजात फोन लावला, मी स्पीकर सुरू केला. पलीकडचा कारकून सौजन्याने बोलला. विद्यार्थ्यांचं काम संपलं की दहन करतात, म्हणाला.

‘कधी?’ काकूने मागून विचारलं. ‘तारीख कळवता का घरी?’

तो क्षणभर गप्प झाला. असं कोणी विचारलेलं नाही, सरांना विचारून सांगतो, म्हणाला. काकूने पेनाला टोपण घातलं. ‘तारीख कळवणार असतील तर आत्ता सही करते,’ ती काकांना म्हणाली. ‘त्या दिवशी घरात नैवेद्य तरी दाखवीन.’

सरांचा फोन अजून यायचाय. काका रोज एकदा आठवण करून देतात, आणि काकू रोज तेच सांगते: आठवण मला नको, त्यांना करून द्या.